‘सामान्य वस्तू’ कोणत्या? : जॉन लीच यांच्या एका समुद्रकिनारी चित्राचे वाचन

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचा सामाजिक इतिहास मांडताना ‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकातील चित्रे पुरावा म्हणून सर्रास वापरली जातात. चित्र हा पुरावा असतोच. परंतु तो नेमका कशाचा, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. जॉन लीच (१८१७–१८६४) यांच्या एका चित्राच्या आधारे तो येथे विचारात घ्यावयाचा आहे.

लंडन-ब्रायटन रेल्वे आणि ‘पंच’ या दोहोंचा प्रारंभ इ.स. १८४१ मधला. रेल्वेने मध्यमवर्गाला किनाऱ्यावर नेले. ‘पंच’ने त्याच वर्गाला त्याचे तेथील रूप दाखवून हसविले. चाकांवरच्या स्नानखोल्या, वाऱ्याने उडणाऱ्या टोप्या, अवघडलेले कुटुंबप्रमुख हा सारा या चित्रांचा ठरलेला ऐवज होय.

ऑगस्ट १८५८ मधील चित्र याहून निराळे आहे. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांवर काही स्त्रिया वाकून पाहत आहेत. क्रिनोलिनच्या फुगीर घेरांमुळे त्या खडकांना चिकटलेल्या शिंपल्यांसारख्या भासतात. शीर्षक आहे, ‘समुद्रकिनाऱ्यावरील सामान्य वस्तू’. जे. जी. वुड यांचे जवळजवळ याच नावाचे, किनाऱ्यावरील जीवसृष्टीची ओळख करून देणारे लोकप्रिय पुस्तक आदल्याच वर्षी आले होते. त्यामुळे वाचकाला कोटी तत्काळ कळली असणार. निरीक्षण करणारी स्त्री येथे स्वतःच निरीक्षणाचा नमुना ठरते. तिची दृष्टी कशावर खिळली आहे, याला चित्रात महत्त्वच नाही.

रेषेच्या दृष्टीने हे चित्र उत्तमच आहे, हे मान्य केले पाहिजे. लाकडी ठशावर कोरून छापावयाच्या चित्रात तपशिलाला मर्यादा असते. लीच यांनी तीच मर्यादा विनोदाच्या कामी लावली. घेराची एक वक्र रेषा पुरते, चेहऱ्याची गरज भासत नाही. मात्र ज्या काटकसरीमुळे हे चित्र परिणामकारक होते, तीच त्या स्त्रियांचे कुतूहल पुसून टाकते.

आणि ते कुतूहल निव्वळ फॅशन नव्हते. मार्गारेट गॅटी या लेखिका आजारातून बरे होण्यासाठी १८४८ मध्ये हेस्टिंग्जच्या किनाऱ्यावर राहिल्या, तेथेच समुद्रशैवालांच्या अभ्यासाला लागल्या आणि १८६३ मध्ये त्यांचा ब्रिटिश समुद्रशैवालांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्या शैवाल गोळा करू इच्छिणाऱ्या स्त्रियांना पोशाखाविषयीही सल्ला देतात : मुलग्यांचे शिकारीचे बूट घाला, लोकरी कपडे वापरा, परकर घोट्याखाली येऊ देऊ नका. ज्या घेरावर लीच यांचा विनोद उभा आहे, तो घेर ही गॅटींच्या दृष्टीने कामातली अडचण होती आणि ती दूर कशी करावी, हे त्या सांगत होत्या. इतिहासाच्या पुस्तकांत लीच यांचे चित्र पुन्हापुन्हा छापले जाते; त्याच्या शेजारी गॅटींचा हा परिच्छेदही छापावयास हवा.