बाँड कोण? आणि बाँडच्या समोर कोण?

२०२१ साली 'नो टाइम टू डाय' हा पंचविसावा बाँडपट आला आणि त्याच्या शेवटी जेम्स बाँड चक्क मेला. १९६२ पासून हरतऱ्हेच्या मरणातून सुखरूप सुटत आलेला हा गुप्तहेर क्षेपणास्त्रांच्या माऱ्यात गेला. मात्र तो परत येईल, ही नेहमीची पाटी शेवटी पडद्यावर झळकलीच. मग चाहत्यांनी दुखवटा वगैरे न पाळता सरळ वारसाचा विषय काढला. पुढचा बाँड कोण? त्याचे वय किती असावे, उंची किती, केस कोणत्या रंगाचे, बोलण्याची ढब कुठली, आणि सर्वांत जास्त आवाज चढतो तो मुद्दा म्हणजे कातडीचा रंग कोणता. या वादात ढोबळमानाने दोन पक्ष पडले आहेत. एक निष्ठावंतांचा, दुसरा सुधारकांचा. दोघांचेही म्हणणे आम्ही आवडीने ऐकत आलो आहोत. दोघेही एकाच खुर्चीकडे टक लावून बसले आहेत, अशी आमची तक्रार आहे.

आधी निष्ठावंतांचे म्हणणे पाहू. इयान फ्लेमिंगने १९५३ साली 'कॅसिनो रॉयल' या कादंबरीत जो बाँड घडवला तोच खरा, त्यात फेरफार नको, असे ते म्हणतात. ऐकायला हे बरे वाटते. पण फ्लेमिंगच्या बाँडच्या उजव्या गालावर एक व्रण आहे. तो व्रण या मालिकेतल्या सहांपैकी एकाही नटाच्या गालावर दिसत नाही, आणि त्यावरून कोणी रागावल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पडद्यावरचा पहिला बाँड तर इंग्रजही नव्हता. १९५४ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'कॅसिनो रॉयल' सादर झाले तेव्हा बॅरी नेल्सन नावाच्या अमेरिकन नटाने ती भूमिका केली, आणि तिथे बाँड अमेरिकन हेर होऊन 'जिमी' झाला. पुढे १९६२ च्या 'डॉक्टर नो'साठी शॉन कॉनरी निवडला गेला. एडिंबरोच्या कामगारवस्तीत वाढलेला, एके काळी दुधाची गाडी हाकणारा हा माणूस फ्लेमिंगला सुरुवातीला पटला नव्हता. नंतर फ्लेमिंगचे मत बदलले. १९६४ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' या कादंबरीत तर बाँडचे वडील स्कॉटिश आणि आई स्विस असल्याचे तो सविस्तर सांगतो.

मालिकेतले सहा बाँड एका रांगेत उभे करून पाहा. कॉनरी स्कॉटिश, जॉर्ज लेझनबी ऑस्ट्रेलियन, टिमथी डाल्टन वेल्समध्ये जन्मलेला, पिअर्स ब्रॉस्नन आयरिश. इंग्लंडमध्ये जन्मलेले दोघेच, रॉजर मूर आणि डॅनियल क्रेग. त्यातल्या क्रेगचे नाव २००५ साली जाहीर झाले तेव्हा सोनेरी केसांचा बाँड आम्हांला नको म्हणून चाहत्यांनी बहिष्काराची हाक दिली होती. २००६ चा 'कॅसिनो रॉयल' पाहून ती हाक विरून गेली. २०१२ च्या 'स्कायफॉल'ने एक अब्ज डॉलरच्या वर धंदा केला. क्रेगनंतर कोण, या काळजीने आज जे हळवे होतात, त्यांच्यापैकी काहींनी त्या वेळी बहिष्काराला मान डोलावली असेल. परंपरा ही बहुधा अशीच असते. कालची बंडखोरी आज ती सोवळ्यात गुंडाळून ठेवते.

तरीही निष्ठावंतांचा एक मुद्दा वजनदार आहे आणि तो थट्टेवारी नेता येणार नाही. बाँड हा एका विशिष्ट काळाचा आणि विशिष्ट वर्गाचा माणूस आहे, असे ते सांगतात. उंची शाळा, शाही नौदलातला हुद्दा, क्लब, जुगाराचे टेबल आणि हातातून निसटत चाललेले साम्राज्य यांतून तो जन्मला. त्याला त्या मातीतून उपटले तर हाती उरेल ते नुसते एक विकाऊ नाव. साहित्याचा वाचक म्हणून आम्हांला हे पटते. पण ही माती चित्रपटवाल्यांनी केव्हाच बदलली आहे. 'डॉक्टर नो'ची गोष्ट जमैकात घडते. तो बेट ६ ऑगस्ट १९६२ ला ब्रिटिशांच्या ताब्यातून स्वतंत्र झाला आणि दोनच महिन्यांनी, ५ ऑक्टोबरला, लंडनमध्ये चित्रपटाचा पहिला खेळ झाला. म्हणजे साम्राज्याचा शिपाई पडद्यावर उतरला तोच साम्राज्य आवरते घेतले जात असताना. पुढे शीतयुद्ध संपले, बाँड राहिला. १९९५ च्या 'गोल्डनआय'मध्ये त्याच्या डोक्यावर ज्यूडी डेंचच्या रूपाने बाई साहेब म्हणून आली. प्रत्यक्षातल्या ब्रिटिश परराष्ट्र हेरखात्याला पहिली स्त्री प्रमुख मिळाली ती २०२५ साली, ब्लेझ मेट्रेवेली. पडदा वास्तवाच्या तीस वर्षे पुढे होता. तेव्हा बाँडला बदल सोसत नाही, हे काही खरे नाही.

आता सुधारकांकडे वळू. त्यांच्या ओठांवर पुष्कळ वर्षे इद्रिस एल्बाचे नाव होते. त्याचे आईवडील सिएरा लिओन आणि घाना या देशांतले, तो स्वतः लंडनचा. एका स्टुडिओचा खाजगी पत्रव्यवहार २०१४ साली फुटला, तेव्हा तिथल्या प्रमुख ॲमी पास्कल यांनीही त्याचेच नाव सुचवल्याचे उघड झाले. २०२५ साली मालिकेची सूत्रे ॲमेझॉनकडे गेली आणि पुढच्या चित्रपटाच्या दोन निर्मात्यांपैकी एक याच पास्कलबाई झाल्या. एल्बाचे वय मात्र तोवर पन्नाशी ओलांडून गेले. मग गुजराती वंशाच्या देव पटेलसारखी नावेही चर्चेत फिरली. गोऱ्या नसलेल्या मुलाने पडद्यावर आपल्यासारखा नायक का पाहू नये, हा सुधारकांचा प्रश्न रास्त आहे. त्यावर नाक मुरडणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही.

आमची शंका त्याच्या पुढची आहे. 'नो टाइम टू डाय'मध्ये शून्य शून्य सात हा क्रमांक नोमी या कृष्णवर्णीय स्त्रीला मिळाला होता. लशाना लिंचने ती भूमिका झोकात केली. पण कथा उत्कर्षाला पोचते तेव्हा नोमी स्वतःहून तो क्रमांक बाँडला परत करायला सांगते. पाहुण्याने जेवण झाल्यावर पाट उचलून ठेवावा, तसे. चेहऱ्याला जागा मिळाली, पण जागेची मालकी होती तिथेच राहिली.

बाँडच्या समोर कोण उभे असते, हे या वादात फारसे कोणी विचारत नाही. 'डॉक्टर नो'मधला चिनी रक्ताचा खलनायक जोसेफ वाइजमन या कॅनडात जन्मलेल्या गोऱ्या नटाने डोळ्यांचा आकार बदलून उभा केला. १९६७ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये खुद्द कॉनरीला रंगरंगोटी करून जपानी बनवले. १९७३ च्या 'लिव्ह अँड लेट डाय'मध्ये मुख्य खलनायक आणि त्याची जवळजवळ सारी फौज काळी. आणि १९८३ चा 'ऑक्टोपसी' तर आपल्याच उदयपुरात घडला. त्यात कमाल खान नावाचा परागंदा अफगाण राजपुत्र आहे. ती भूमिका लुई जूर्दां या फ्रेंच नटाची. इटलीत 'सांदोकान' म्हणून घराघरांत पोचलेल्या कबीर बेदीच्या वाट्याला मात्र फेटेवाल्या, जेमतेम बोलणाऱ्या अंगरक्षकाचे काम आले. टेनिसपटू विजय अमृतराज बाँडचा मदतनीस होतो, बीन वाजवतो आणि मध्यंतराच्या आसपास मारला जातो. बाजारातल्या पाठलागात खिळ्यांची खाट आणि निखारे आहेत. जुगारात जिंकलेल्या नोटा हिंदुस्थानी सहकाऱ्यांच्या हाती देताना बाँड त्यांच्या रश्श्यावरून विनोद करतो. हा विनोद गोऱ्या नटाऐवजी सावळ्या नटाने केला असता, तर तो कमी झोंबला असता काय?

आर्ट मलिकचे उदाहरण तर अभ्यासण्यासारखे आहे. हा नट बहावलपूरचा, वाढला इंग्लंडमध्ये. १९८७ च्या 'द लिव्हिंग डेलाइट्स'मध्ये तो कामरान शाह झाला. ऑक्सफर्डला शिकलेला, घोड्यावरून रशियनांशी लढणारा अफगाण मुजाहिद, आणि बाँडचा दोस्त. त्या वेळी सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात होत्या आणि मुजाहिद हे पाश्चात्त्यांचे लाडके होते. १९८९ साली फौजा परतल्या. १९९४ साली जेम्स कॅमेरूनच्या 'ट्रू लाइज' या हेरपटात हाच आर्ट मलिक अणुबाँबची धमकी देणारा अतिरेकी म्हणून आला. तो बाँडपट नव्हता, पण बाँडच्याच वाटेवरचा होता. सातच वर्षांचे अंतर. नाक तेच, डोळे तेच, दाढी तीच. बदलली होती ती त्या चेहऱ्याची परराष्ट्र धोरणाला असलेली गरज.

म्हणून आम्हांला वाटते की नट निवडण्याआधी पटकथा तपासावी. त्यासाठी एक साधी मोजपट्टी उपलब्धही आहे. ब्रिटिश नट रिझ अहमद याने २०१७ साली ब्रिटिश संसदेच्या वास्तूत पडद्यावरच्या प्रतिमांविषयी भाषण केले. त्यातून स्फूर्ती घेऊन दोघा जणांनी २०१८ साली 'रिझ टेस्ट' नावाची कसोटी तयार केली. चित्रपटात मुसलमान म्हणून ओळखू येणारे पात्र असेल तर पाच प्रश्न विचारायचे. ते दहशतवादाशीच जोडलेले आहे का? विनाकारण संतापी आहे का? अंधश्रद्ध, मागासलेले आहे का? पाश्चात्त्य जीवनाला धोका म्हणून दाखवले आहे का? पुरुष असेल तर बायकांचा छळवादी आणि स्त्री असेल तर पिचलेली, असे आहे का? एकाही प्रश्नाचे उत्तर 'होय' आले की चित्रपट नापास. गंमत अशी की ज्याच्या नावाची ही कसोटी आहे, तो रिझ अहमद स्वतः बाँड झाला तरी चित्रपट तिच्यात नापास होऊ शकतो. २०२३ साली फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्यांतून काही वर्णद्वेषी शब्द गाळण्यात आले. शब्द गाळता येतात. कोणाच्या मरणावर प्रेक्षकाने टाळी वाजवायची, हे ठरवणारी मांडणी गाळता येत नाही. ती नव्याने लिहावी लागते.

आणि ती लिहिता येते. आमच्यापैकी ज्यांच्या घरात उर्दू पुस्तके होती त्यांना इब्ने सफी ठाऊक आहेत. १९५२ साली, म्हणजे 'कॅसिनो रॉयल'च्या आदल्या वर्षी, अलाहाबादेतून त्यांची 'जासूसी दुनिया' सुरू झाली. १९५५ पासून त्यांनी इमरानची मालिका लिहिली. इमरान शिकलेला, पण वरून वेडगळ. सहकारी त्याला खुळा समजतात, आणि आपला अज्ञात साहेब एक्स-टू तोच आहे याचा त्यांना पत्ता नसतो. त्याला हेर म्हणून मोठे व्हायला बाँडच्या साच्याची गरज पडली नाही. दुसऱ्याची खुर्ची मागण्यापूर्वी आपल्याच घरातली अशी बैठक आठवावी, एवढेच म्हणणे आहे.

हा प्रश्न लंडनपुरता नाही. १९९९ च्या 'सरफरोश'मधला इन्स्पेक्टर सलीम आठवा. वर्दी अंगावर आहे, तरी निष्ठेचा दाखला त्याला पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. वर्दी मिळणे ही एक गोष्ट आणि तिच्यात निवांत श्वास घेता येणे ही दुसरी. बाँडला तर मारण्याचा परवाना आहे. तो आपल्या रंगाच्या हातात आला म्हणून आनंद मानायचा की तो कोणावर चालणार हे विचारायचे, हे चाहत्याने ज्याचे त्याने ठरवावे.

पुढचा बाँडपट आम्हीही पाहू. बाँडचा चेहरा पहिल्या दहा मिनिटांत पाहून होईल. उरलेला वेळ आम्ही त्याच्या समोरच्या माणसाकडे पाहणार आहोत. त्याला घर आहे का, त्याच्या रागाला कारण आहे का, आणि मरण्याआधी त्याला एखादे पूर्ण वाक्य बोलू दिले आहे का.