‘शक्ती’ आणि संकराची कसोटी

न्यू यॉर्क शहराला लागून लाँग आयलंड नावाचे बेट आहे. तेथील साउथहॅम्प्टन कॉलेजात ५ जुलै १९७५ रोजी झालेल्या एका मैफलीची ध्वनिमुद्रिका पुढील वर्षी प्रसिद्ध झाली. गिटार वाजवणारे जॉन मॅक्लॉफ्लिन हे इंग्लंडातील यॉर्कशरचे. व्हायोलिनवर लक्ष्मीनारायण शंकर, घटमवर विनायकराम आणि मृदंगमवर राघवन हे तिघे कर्नाटक संगीताच्या परंपरेतले. तबल्यावर मुंबईचे झाकीर हुसेन. वृंदाचे नाव ‘शक्ती’. या घटनेस आता पन्नास वर्षे होऊन गेली. एवढ्या अवधीत या संगीताविषयी दोन मते रूढ झाली आहेत. जॅझच्या बाजूचे जाणकार त्यास एका थोर गिटारवादकाची पौर्वात्य मुशाफिरी मानतात. आपल्याकडील कित्येक जाणकार तालाची कसरत म्हणून ते हातावेगळे करतात. ही दोन्ही मते आम्हांस अपुरी वाटतात, आणि ती का अपुरी वाटतात हे सांगण्यासाठीच प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

वाङ्मयास वाहिलेल्या नियतकालिकात विदेशी वाद्यवृंदाचे परीक्षण कशाला, असे एखादे वाचक विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे की, हा प्रश्न मुळात दोन व्याकरणांच्या सहवासाचा आहे, आणि त्या प्रश्नाशी आमच्याइतका निकटचा परिचय पुण्या-मुंबईच्या माणसास क्वचितच असेल. घरी मराठी, बाजारात कानडी किंवा कोंकणी आणि कचेरीत तिसरीच भाषा अशा स्थितीत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांस दोन भाषा एकत्र नांदू लागल्या म्हणजे काय होते हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. शब्द उसने घेणे सोपे. त्याने भाषेचे फारसे बिघडत नाही आणि फारसे साधतही नाही. शेजारच्या भाषेची वाक्यरचना अंगात भिनू लागते तेव्हा मात्र आपल्या भाषेतले काही ना काही हातचे सुटते. म्हणून संकराची परीक्षा करताना काय घेतले याची यादी करीत बसण्यापेक्षा काय सोडले ते पाहावे, अशी आमची भूमिका आहे.

भारतीय संगीत आणि जॅझ यांस एकत्र आणण्याचे प्रयत्न ‘शक्ती’पूर्वी झाले नव्हते असे नाही. गोव्यातील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य रीतीने लिहून सादर केल्या. त्यांत जॅझचा अंश असो वा नसो, दोन परंपरांस एका कागदावर आणण्याची हिंमत होती. कलकत्त्याचे जॉन मेयर यांनी १९६६ मध्ये लंडन येथे जमेकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासह पाच वादक जॅझचे आणि पाच भारतीय बाजूचे असा दहा जणांचा मेळ बसवला. त्यात तबला केशव साठे यांचा होता. या प्रयत्नांची योग्यता आम्ही कमी लेखीत नाही. परंतु त्यांचा भर लिहून ठेवलेल्या रचनेवर असे, आणि लिहिलेल्या कागदावर राग फार वेळ जिवंत राहत नाही, हे गायन शिकवणाऱ्या कोणाही शिक्षकास ठाऊक आहे.

मॅक्लॉफ्लिन यांचा मार्ग निराळा होता. १९४२ साली जन्मलेला हा वादक १९६९ मध्ये न्यू यॉर्कला गेला, माइल्स डेव्हिस यांच्या ‘इन अ सायलेंट वे’ आणि ‘बिचेस ब्रू’ या ध्वनिमुद्रिकांत वाजवू लागला, आणि तेथेच श्री चिन्मय या बंगाली गुरूंचा शिष्य झाला. गुरूंनी दिलेले ‘महाविष्णू’ हे नाव त्यांनी १९७१ मध्ये आपल्या वृंदास दिले. वृंदात पाच माणसे, आणि पाचही जण जन्माने पाच देशांचे: इंग्लंड, पनामा, चेकोस्लोव्हाकिया, आयर्लंड आणि अमेरिका. रॉकचा दणदणाट, जॅझची उपज आणि विषम मात्रांचे आवर्तन यांचा जो मिलाफ या पाच जणांनी केला, त्याने त्या दशकातील पुष्कळ वृंदांस वळण लावले. ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ (१९७१) आणि ‘बर्ड्स ऑफ फायर’ (१९७३) या त्यांच्या दोन मुख्य ध्वनिमुद्रिका.

या संगीताचा प्रथम श्रवणी पडणारा प्रभाव विलक्षण आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. ‘द डान्स ऑफ माया’ ही रचना घ्या. आरंभी दहाच्या हिशोबाने चालणारी एक संथ, अस्वस्थ स्वरमाला येते. मध्ये ब्लूजच्या ढंगाचा, वीस मात्रांत फिरणारा भाग येतो. आणि अखेरीस ती पहिली स्वरमाला या ब्लूजवर अशी येऊन बसते की, दोन्ही एकाच मापाची होती हे ऐकणाऱ्यास तेव्हा उमगते. हे केवळ गणित नव्हे. यात नाट्य आहे. बिली कॉबम यांच्या ढोलवादनाचा जोर तर शब्दांत सांगण्यासारखा नाही. तथापि, या रचना पुनःपुन्हा ऐकल्यावर आम्हांस एक उणीव जाणवू लागते. ‘बर्ड्स ऑफ फायर’चे आवर्तन अठरा मात्रांचे आहे, आपल्याकडेही अठरा मात्रांचा ताल असू शकतो, मग येथे आपला कान विसावत का नाही? आमच्या मते याचे कारण असे की, या आवर्तनास खाली नाही. आपल्या ठेक्यात भरीनंतर खाली येते, डग्ग्याचा घुमारा क्षणभर थांबतो, आणि त्या रिकाम्या जागेमुळेच पुढल्या समेची ओढ लागते. महाविष्णू वृंदात गिटारची तीच स्वराकृती दर आवर्तनास सारख्याच जोराने येते. सर्वत्र भरीच भरी. संख्या पूर्वेकडून आली; परंतु तिच्यामागचा श्वास रॉकचाच राहिला. वाद्यांतील वीज, कॉर्डची भिंत आणि कानठळ्या बसवणारा आवाज यांतले काहीच सोडावे लागले नाही. म्हणून हे संगीत प्रभावी असूनही संकराच्या दृष्टीने ते उसन्या शब्दांच्या पायरीवर राहते. १९७४ मध्ये दुसऱ्या महाविष्णू वृंदास लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राची जोड दिली गेली. त्याने भिंत आणखी उंच झाली, इतकेच.

याच सुमारास मॅक्लॉफ्लिन अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकत होते. या शिक्षणाचे महत्त्व आम्ही फार मानतो. वीणेचे पडदे मेणात बसवून उंच ठेवलेले असतात. त्यामुळे एकाच पडद्यावर तार ओढून अनेक स्वर काढता येतात आणि गमक संभवते. गिटारचे पडदे ठेंगणे, त्यांमधील पट्टी सपाट; बोट लाकडाला टेकले की स्वर तेथेच अडतो. ‘शक्ती’साठी मॅक्लॉफ्लिन यांनी विजेवाचून वाजणारी जी गिटार खास घडवून घेतली, तिच्या दोन पडद्यांमधले लाकूड कोरून खोलगट केलेले होते, आणि मुख्य तारांखालून तिरप्या गेलेल्या सात जादा तारा होत्या. पहिल्या बदलाने मींड साधली. दुसऱ्याने षड्जाचा आधार हाताशी आला. पण षड्ज एकदा स्थिर झाला की कॉर्ड बदलत जाण्याची सोय उरत नाही, आणि कॉर्डचा प्रवास हा तर जॅझ गिटारवादकाचा पिढीजात व्यवसाय. जगात ज्या वस्तूसाठी त्याचे नाव झाले तीच त्याने ऐन बहरात, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, बाजूला ठेवली. त्यास आम्ही मुशाफिरी म्हणू शकत नाही. मुशाफिराचे घर मागे शाबूत असते.

येथवरचे विवेचन एका बाजूचे झाले. ‘शक्ती’कडे पूर्व आणि पश्चिम यांचे मीलन म्हणून पाहण्याची सवय इतकी रुळली आहे की, तिच्यातला दुसरा, आमच्या मते अधिक अवघड संकर दुर्लक्षित राहतो. तो आहे उत्तर आणि दक्षिण यांचा. तबला ठेक्याने बोलतो. मृदंगम आणि घटम यांस ठेका ठाऊक नाही. दक्षिणेत ताल हातावर मोजला जातो आणि वादक गीताच्या चालीला बिलगून आपले बोल रचीत जातो. तिहाई आणि मोरा यांचे गोत्र एक असले तरी त्यांची मांडणी निराळी. ‘शक्ती’तील झाकीर हुसेन यांचा तबला लक्षपूर्वक ऐकला म्हणजे दिसते की, त्यांनी पुष्कळ ठिकाणी ठेका धरण्याचे सोडून मृदंगमाप्रमाणे चालीचा पाठपुरावा केला आहे, उलट विनायकराम यांच्या घटमात मधूनच तबल्याच्या कायद्यासारखा विस्तार डोकावतो. ‘ला दान्स द्यु बॉनर’ या रचनेच्या आरंभी तोंडाने म्हटलेले बोल ऐकावेत. तेथे कोणता बोल कोणत्या घराण्याचा हे सांगणे कठीण व्हावे इतके ते एकमेकांत मिसळले आहेत.

हा प्रकार आमच्या मुलखास नवा नाही. वडोद्याच्या दरबारी काही काळ राहून पुढे मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांनी दक्षिणेकडून सरगमची रीत उचलली, त्यागराजांची खरहरप्रिया रागातील कृती ध्वनिमुद्रित केली, आणि शुद्धतेच्या रखवालदारांची बोलणी खाल्ली. बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा त्यातील चालींत कानडी मुलखाचा वाटा होताच. त्या संकराने मराठी नाट्यसंगीत घडले. परंतु त्याची किंमत ख्यालाच्या विस्ताराने मोजली, हेही खरे. पदात आलापीला जागा किती उरणार?

आणि नेमका हाच आक्षेप ‘शक्ती’वरही घ्यावा लागतो. पाहुण्याने कॉर्ड सोडली. यजमानांनी काय सोडले? त्यांनी विलंबित सोडले. पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील ‘जॉय’ ही सुमारे अठरा मिनिटांची रचना गिटार आणि व्हायोलिन यांच्या जोडीच्या भरधाव चालीने सुरू होते आणि भरधावच राहते. रागाच्या एकेका स्वराशी थांबून त्याचे दार उघडावे, ही जी आपल्या संगीतातील सर्वांत मोठी विद्या, तिला येथे जवळजवळ फाटा मिळाला आहे. सवाल-जवाबांवर टाळ्या पडतात, वेग वाढतो, पुन्हा टाळ्या पडतात. दुसऱ्या मुद्रिकेतील ‘इंडिया’च्या आरंभी आलापाचा प्रामाणिक प्रयत्न आहे, आणि ‘टू सिस्टर्स’ संथ आहे. परंतु हे अपवाद. दोघांनी आपापल्या घरातील एकेक वडिलार्जित वस्तू विकून हा संसार मांडला, आणि आमच्या मते यजमानांची वस्तू अधिक मोलाची होती. कोणी म्हणेल, विदेशी श्रोत्यांपुढे दुसरा उपाय नव्हता. परंतु त्याच श्रोत्यांपुढे रविशंकर व अली अकबर खाँ त्या काळात आलाप वाजवीत होतेच.

तिसऱ्या, १९७७ च्या ‘नॅचरल एलिमेंट्स’ या मुद्रिकेविषयी फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. रचना आखूड झाल्या, एक तर सुमारे दोन मिनिटांत आटोपते. सारे गोड आणि चटपटीत. १९७८ मध्ये वृंद विसर्जित झाला. १९९७ पासून ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने तो पुन्हा उभा राहिला. विनायकराम यांचे पुत्र सेल्वगणेश, मँडोलिनवादक श्रीनिवास आणि पुढे गायक शंकर महादेवन त्यात आले. शंकर महादेवन हे तमिळ घराण्यातले, मुंबईत वाढलेले आणि श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेले. त्यांच्या येण्याने या वृंदास मानवी कंठ मिळाला, आणि कंठाला श्वास घ्यावाच लागतो. २०२३ च्या ‘धिस मोमेंट’ या मुद्रिकेत ज्या काही विसाव्याच्या जागा सापडतात, त्या बहुतेक गाण्यामुळे. तिला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीर हुसेन निवर्तले.

शिक्षक वाचकांस एक सूचना करावीशी वाटते. ‘लोटस फीट’ ही मॅक्लॉफ्लिन यांची संथ, लहानशी रचना दोन ठिकाणी ध्वनिमुद्रित झालेली आहे: महाविष्णू वृंदाच्या १९७६ च्या ‘इनर वर्ल्ड्स’मध्ये गिटारला जोडलेल्या यंत्राच्या स्वरात, आणि ‘शक्ती’च्या पहिल्या मुद्रिकेत साध्या तारांवर. चाल तीच. दोन्ही मिळून दहा मिनिटेही लागत नाहीत. वर्गात त्या एकामागून एक लावाव्यात आणि मुलांस नावे न सांगता विचारावे की, यांपैकी कोणत्या ठिकाणी वादक स्वरावर थांबला आणि कोणत्या ठिकाणी स्वर नुसताच लांबला.