स्कोअर −८.९ आला. मग?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला ‘अमुक वनस्पतीतील घटक कोरोना विषाणूविरुद्ध’ असा विषय घ्यायचा विचार करताय? आधी असे तीन-चार पेपर शेजारी ठेवून वाचा. साचा एकच दिसेल. २०२० च्या सुरुवातीला विषाणूच्या मुख्य प्रोटिएजची रचना सर्वांना खुली झाली. ती डाउनलोड करायची, हळद-तुळशीतले रेणू ऑटोडॉक व्हिनात टाकायचे आणि सर्वांत ऋण आकड्याला ‘संभाव्य औषध’ म्हणायचं. मीही असं पोस्टर लावलंय. परीक्षकांनी एवढंच विचारलं, “कंट्रोल कुठाय?” उत्तर नव्हतं.

आता तो आकडाच बघा. व्हिना बनवणाऱ्यांनी २०१० च्या पेपरातच प्रमाण त्रुटी दिली आहे: २.८५ किलोकॅलरी प्रति मोल. बंधनाच्या ताकदीत दहापट फरक पडायला साधारण १.३६ पुरतात. म्हणजे चूक शंभरपटीहून मोठी असू शकते! तरी आपण −८.९ ला पहिला आणि −८.४ ला दुसरा नंबर देतो. भाजीच्या तराजूत सोनं तोलल्यासारखंच.

त्यातून मोठ्या रेणूंना स्कोअर चांगला मिळतो. म्हणून रुटिन अनेकदा वर दिसतो. रुटिन म्हणजे दोन साखरा चिकटलेला क्वेर्सेटिन. रेणुभार ६१०, नुसत्या क्वेर्सेटिनचा ३०२. पण आतड्यातले जिवाणू त्या साखरा तोडतात. डॉक केला तो रेणू फुप्फुसापर्यंत अखंड पोचणार कसा, हा प्रश्न बहुतेक पेपर विचारतच नाहीत.

पुढे जाऊन एन्झाइमवर चाचणी केली तरी सावध राहा. कर्क्युमिन स्वतःच चमकतो, गुठळ्या करतो, प्रथिनांना कुठेही चिकटतो, द्रावणात विघटित होतो. २०१७ च्या एका गाजलेल्या आढाव्यात हे सविस्तर आलंय. प्रोटिएजची नेहमीची चाचणी प्रकाशावर चालते, तेव्हा गोंधळ ठरलेलाच. थोडं ट्रायटन एक्स-१०० घालून प्रयोग पुन्हा करा. परिणाम गायब झाला, तर तो बहुधा गुठळ्यांचा होता.

वनस्पती निरुपयोगी आहेत, असं मी म्हणत नाही. फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिर चक्रीफुलातल्या शिकिमिक आम्लापासून बनवता येतं. पण ते आम्ल स्वतः न्यूरामिनिडेज अडवत नाही. रसायनशास्त्रज्ञांनी अनेक टप्प्यांत त्याचा रेणू बदलला, तेव्हा औषध झालं. चक्रीफुलाचा काढा म्हणजे टॅमिफ्लू नव्हे.

तरीही डॉकिंगच करायचंय? मग यादीत या प्रोटिएजचे सिद्ध अवरोधक आणि निष्क्रिय ठरलेले रेणूही मिसळा. सॉफ्टवेअरला ते वेगळे काढता आले, तरच आपल्या तुळशीकडे वळा.