प्रश्नाला जागा देणारे मासिक

आमच्या गावच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लाल त्रिकोण रंगवलेला होता. माझी मावशी दर आठवड्याला त्याच भिंतीवरून बाजाराला जायची. तांबी बसवल्यापासून अंगावरून जास्त जाते, म्हणून ती धास्तावलेली. कुटुंब लहान ठेवा, हे भिंत तिला सांगत होती; पण हे असे का होते, हे तिने विचारायचे कुणाला?

माध्यमांनी आरोग्यजागृती किती केली, हे आपण संदेश किती जणांपर्यंत पोचला यावर मोजतो. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’चे जुने अंक चाळताना मला या मोजपट्टीचाच संशय येऊ लागला. जुलै 1927 पासून 1953 मध्ये कर्वे जाईपर्यंत हे मासिक निघाले, ते त्यांच्या आणि मालतीबाईंच्या ओढगस्तीच्या संसारावर. संततिनियमनाचा प्रचार त्यात होताच. पण मला मोलाची वाटतात ती वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. वाचक घरात उच्चारता न येणारे विचारतात आणि कर्वे उपदेशाचा घोळ न घालता, गणिताच्या मास्तरासारखे उत्तर देतात. (होतेच ते गणिताचे प्राध्यापक, या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली.)

टोचले तेही हेच. 1934 च्या अश्लीलतेच्या खटल्यात आक्षेप होता तो अशाच उत्तरांवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू लढवली. कर्वे हरले, दंड झाला, मासिक चालू राहिले.

कर्व्यांना ‘काळाच्या पुढचे’ म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. प्रश्न विचारणारे तर त्याच काळातले होते! मर्यादा वेगळीच आहे: हे मासिक वाचता येणाऱ्यांचे होते. मावशीला अक्षरओळख नव्हती.

पोलिओचे उदाहरण कुणी पुढे करील. दोन थेंब, एवढा सुटसुटीत संदेश खरोखर पोचला. पण अमिताभ बच्चन जाहिरातीत रागावले, तरी उत्तर प्रदेशातल्या अफवा तेवढ्याने निवळल्या नाहीत. त्यासाठी दारोदार जाऊन आयाबायांच्या शंका ऐकून घेणारी माणसे लागली. म्हणजे कर्व्यांचेच काम, फक्त तोंडी.

मावशीने शेवटी नात्यातल्या एका बाईच्या सल्ल्याने तांबी काढून घेतली. पुढे तिला आणखी दोन मुले झाली. तोवर भिंतीवरचा त्रिकोण नव्याने रंगवून झाला होता.