हिरवा पट्टा आणि करडा शब्द

सरकारी धोरणपत्रक वाङ्मय म्हणून कोणी वाचीत नाहीं, आणि तें योग्यच आहे. तथापि इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन-धोरणाची डिसेंबर २०२४ ची आवृत्ति वाचतांना एका शब्दापाशीं आम्हांस थांबावें लागलें. शहरांभोंवतीं बांधकामास मज्जाव असलेला जो ‘हिरवा पट्टा’, त्याच्या पोटांत ‘करडा पट्टा’ असा नवा वर्ग तींत कल्पिला आहे. करडा म्हटला कीं बंद पडलेले पेट्रोलपंप आणि डांबरी वाहनतळ डोळ्यांपुढें येतात. तेथें घरें झालीं तर हरकत कोण घेणार?

व्याख्या मात्र सावकाश वाचावी. पूर्वीं बांधकाम झालेल्या जमिनीबरोबरच, पट्ट्याच्या पांच हेतूंपैकीं तिहींना भरीव हातभार न लावणारी जमीनहि तींत येते. मोठ्या शहराचा पसारा रोखणें, शेजारचीं नगरें एकमेकांत मिसळूं न देणें आणि ऐतिहासिक नगरांचा परिसर जपणें, हे ते तीन. ग्रामीण प्रदेशावरील अतिक्रमण थांबविणें हा हेतु यादींत आहे, कसोटींत नाहीं! एखादें हिरवेंगार कुरणहि त्यामुळें कागदावर करडें ठरूं शकतें. शब्दाचा हा उपयोग आम्हांस सरळ वाटत नाहीं.

पण मूळचा ‘हिरवा’ तरी कितपत सरळ होता? मंत्री डंकन सँडिस यांच्या १९५५ च्या परिपत्रकांत हेच तीन हेतु होते. ग्रामीण प्रदेशाचा हेतु मागाहून जोडला गेला. वनश्री वा सौंदर्य यांचें नांव पांचांतहि नाहीं. नियमाला हवी होती ती मोकळी जागा. हिरवा रंग लोकांनीं आपल्या मनानें भरला.

एबेनेझर हॉवर्डचा १८९८ चा ग्रंथ यापुढें ठेवावा. त्याच्या उद्याननगरीच्या ६,००० एकरांत ५,००० एकर शेतीचे; तिच्यावर २,००० माणसें राहणार, नगरांत ३०,००० राहणार, आणि नगर भरलें कीं पट्ट्यापलीकडे दुसरें वसणार. ‘येथें बांधूं नका’ म्हणतांना ‘मग राहावें कोठें’ याचेंहि उत्तर त्यानें दिलें होतें. ज्यांचीं मुलें लंडनच्या आसपास घर शोधीत आहेत, अशा आमच्या वाचकांस त्या उत्तराची किंमत सांगावयास नको.

नव्या धोरणांतील एक तरतूद मात्र हॉवर्डला रुचली असती. पट्ट्यांत मोठी वसाहत उभारणारानें परवडणारीं घरें अधिक प्रमाणांत आणि लोकांस खुल्या हिरव्या जागा दिल्या पाहिजेत, असा तिचा आशय आहे. जमिनीचें वाढलेलें मोल समाजाकडे परत यावें, हाच तर त्याच्या ग्रंथाचा गाभा; चित्रांतल्या बागा पाहून वाचक तो विसरतात.