शोनब्रुनच्या रंगमंचावर चार बहिणी

आता पडद्यावर आहे ते चित्र योहान फ्रांत्स ग्रायपेलचं. हा काही वातो नव्हे, फ्रागोनार तर नव्हेच. आकृत्या जरा ताठ आहेत, चेहरे गोड पण ठोकळेबाज. तरी रोकोकोबद्दल बोलताना आम्ही इथे थांबतो, कारण इथे गाणारी मंडळी बिदागीवर आलेली नाहीत.

प्रसंग 24 जानेवारी 1765 चा, व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यातला. थोरला राजपुत्र जोसेफ याचं दुसरं लग्न, वधू बव्हेरियाची मारिया जोसेफा. त्यासाठी दरबारी कवी मेतास्तासिओनं संहिता लिहिली, ग्लुकनं संगीत दिलं. ऑपेराचं नाव 'इल पार्नासो कोन्फुसो', म्हणजे 'गोंधळलेला पार्नासस'. गायला सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या चार मुली. हार्पसिकॉर्डवर बसून वादकांना सांभाळतोय त्यांचा 17 वर्षांचा भाऊ लिओपोल्ड. राजकन्येनं जाहीर थिएटरात गाणं शक्यच नव्हतं. घरच्या कार्यात, आपल्या माणसांपुढे मात्र चालायचं.

आता कथानक बघा. अपोलो येऊन सांगतो की लग्न जवळ आलंय, काहीतरी सादर करा. तिघी कलादेवतांची धांदल उडते. एकीनं सुचवावं, दुसरीनं ते मोडीत काढावं, आणि तयारी व्हायच्या आत वेळ संपते! लग्नघरातली तारांबळ हाच विषय. मेतास्तासिओनं आपल्याच धंद्याची केलेली ही थट्टा. ग्रायपेलच्या चित्रात तिचा मागमूस नाही. सगळं जागच्या जागी, नीटनेटकं. समारंभाची नोंद झाली, नाटक मात्र निसटलं, ही आमची तक्रार आहे.

याच सोहळ्यात नऊ वर्षांची मारी आंत्वानेत बॅलेमध्ये नाचली. तिचंही चित्र आहे, आणि पुढचा गिलोटिन ठाऊक असल्यामुळे लोक तिकडेच धावतात. आपण मात्र या चौघींकडे पाहू. अपोलो झालेली आमालिया 18 वर्षांची, मेल्पोमेने झालेली एलिझाबेथ 21 ची. युटर्पे झालेली जोसेफा 13 ची, आणि एराटो झालेली कारोलिना अवघी 12 ची.

दोनच वर्षांनी, 1767 मध्ये, व्हिएन्नाच्या राजवाड्यात देवी आल्या. मे महिन्यात, जिच्यासाठी हे गाणं झालं ती वधूच गेली. ऑक्टोबरात जोसेफा गेली. नेपल्सच्या राजाशी तिचं लग्न ठरलं होतं, निघायची तयारी झाली होती. एलिझाबेथ वाचली, पण चेहऱ्यावर व्रण राहिले आणि तिचं लग्न कधी झालंच नाही. आमालियाला 1769 मध्ये मनाविरुद्ध पार्माच्या ड्यूकला दिलं.

आणि नेपल्सचा करार? तो मोडला नाही. जोसेफाच्या जागी धाकटी कारोलिना 1768 मध्ये त्याच नवऱ्याकडे रवाना झाली.