पाठीच्या कमानीचा भाव

फुगडी घातलेल्या कुणालाही फिगर स्केटिंगमधली ‘लेबॅक’ गिरकी निम्मी आधीच ठाऊक असते. धड मागे झुकलेलं, मान सैल सोडलेली, वेग वाढत चाललेला. पण फुगडीत समोरचीचं वजन आपल्याला तोलून धरतं. बर्फावर समोर कुणीच नसतं. डोकं आणि खांदे जेवढे मागे जातील तेवढी कंबर पुढे काढावी लागते आणि मोकळा पाय गुडघ्यात वाकवून मागे उघडा धरावा लागतो. हा सगळा डोलारा उभा असतो तो पात्याच्या पुढच्या दातांच्या किंचित मागे, चवड्याखालच्या बोटभर जागेवर. ती जागा साधली तर बर्फावर बारीक वर्तुळं एकावर एक कोरली जातात. चुकली तर गिरकी भरकटते, वर्तुळं लांबत जातात आणि स्केटरने ती कितीही हसून लपवली तरी बर्फ चहाडी करतोच.

या गिरकीचं जनकत्व ब्रिटनच्या सिसिलिया कॉलिजला दिलं जातं. 1932 च्या ऑलिंपिकमध्ये उतरली तेव्हा ती अवघी 11 वर्षांची होती आणि 1936 मध्ये तिने रौप्यपदक मिळवलं. तिचा प्रशिक्षक जॅक गेर्शविलर मूळचा स्विस. पुढे गिरक्यांच्या इतिहासात स्वित्झर्लंडचं नाव वारंवार येतं, हा निव्वळ योगायोगही असेल. पण डेनिस बिएलमन झुरिकची, लुसिंडा रू स्विस आणि पुरुषांत गिरक्यांचा बादशहा म्हणावा असा स्टेफान लांबिएलही स्विसच.

बिएलमनने लेबॅकच्या पुढचं पाऊल टाकलं. मागे वाकलेल्या अवस्थेतच मोकळ्या पायाचं पातं दोन्ही हातांनी धरायचं आणि पाय पाठीमागून ओढत थेट डोक्याच्या वर न्यायचा. शरीर उंच, अरुंद होतं, अक्षाजवळ येतं, त्यामुळे वेग धरून ठेवता येतो. 1980 च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये फ्री स्केटिंगमध्ये ती पहिली आली, तरी एकूण क्रमवारीत चौथी राहिली, कारण तेव्हा बर्फावर आकृत्या गिरवण्याच्या सक्तीच्या फेरीला मोठं वजन होतं. पुढच्याच वर्षी हार्टफर्डला ती विश्वविजेती झाली आणि गिरकीला तिचं नाव कायमचं चिकटलं.

तसं पाहिलं तर हा मान तिचा एकटीचा नाही. सोव्हिएत संघाच्या तमारा मोस्क्विनाने 1960 च्या दशकातच ही गिरकी घेतली होती. गंमत अशी की मोस्क्विनाचा जोडीदार अलेक्सेई मिशिन पुढे येव्गेनी प्लुशेन्कोचा गुरू झाला आणि याच प्लुशेन्कोने पोरवयात बिएलमन करून दाखवत ती फक्त बायकांची गिरकी असल्याचा समज मोडला. त्याला आदर्श मानणाऱ्या जपानच्या युझुरू हान्यूनेही सुरुवातीच्या वर्षांत ती केली. तरी नाव बिएलमनचंच राहिलं, यात मोठा अन्याय झाला असं वाटत नाही. प्रेक्षकाच्या डोळ्यांत गिरकी ठसवली ती तिनेच.

खरा बदल 2004 नंतरचा. सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या परीक्षकांच्या घोटाळ्यानंतर सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत गेली आणि प्रत्येक घटकाची किंमत ठरवणारी नवी पद्धत आली. गिरकीला पातळ्या आल्या आणि चौथी पातळी गाठायला चार ‘अवघड’ गोष्टी दाखवणं आलं. मागे झुकता झुकता कुशीवर वळा, दोन्हींत ठरावीक फेऱ्या घ्या. किंवा एकाच स्थितीत आठ फेऱ्या घ्या. वेग ठळकपणे वाढवा. शेवटी बिएलमन करा. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे ठरावीक घटकांच्या छोट्या फेरीत, तर लेबॅकच्या आठ फेऱ्या झाल्याशिवाय बिएलमनचं श्रेयच नाही. मधल्या टप्प्यात पातं केसांपर्यंत आणण्याची ‘हेअरकटर’ येते. कागदावर ही सगळी श्रीमंती आहे. प्रत्यक्षात एकाच संध्याकाळी दहा मुली पाहिल्या तर दहाही जणी जवळपास त्याच क्रमाने त्याच स्थितींतून जाताना दिसतात. संगीत चोपँचं असो की टँगो, आठ फेऱ्या मोजून झाल्या की हात पात्याकडे जाणारच! लेबॅकमध्ये मान कधी टाकायची, हात कुठे ठेवायचे, हे पूर्वी सूर ठरवायचे. आता फेऱ्यांचा हिशेब ठरवतो.

अवघडपणाच्या या शर्यतीचं टोक 2014 मध्ये सोचीत दिसलं. रशियाच्या युलिया लिपनित्स्कायाने बिएलमनच्याही पुढे जाऊन पाय जवळजवळ सरळ उभा, मेणबत्तीसारखा धरला. पाहणारा थक्क व्हायचा, पण त्याच वेळी अस्वस्थही. ती 15 वर्षांची होती. सांघिक सुवर्ण मिळवणारी ही मुलगी 2017 मध्ये, खाण्याच्या विकाराशी झगडून, निवृत्त झाली. निवृत्तीचा दोष गिरकीवर ढकलणं चूक ठरेल. पण एवढी लवचीकता मागणारा खेळ कोवळ्या शरीरांकडेच झुकतो, हे नाकारता येत नाही. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटाचं किमान वय 15 वरून टप्प्याटप्प्याने 17 करण्याचा निर्णय घेतला, तो म्हणूनच योग्य होता.

गिरकीचा त्रास फक्त पाठीलाच होतो असंही नाही. लुसिंडा रूने 2003 मध्ये न्यूयॉर्कला एका पायावर सलग 115 फेऱ्यांचा विक्रम केला. पुढे आत्मकथनात तिने लिहिलं की वर्षानुवर्षांच्या गिरक्यांनी तिच्या मेंदूला बारीक-बारीक इजा होत गेल्या होत्या.

या सगळ्या गणितातही कुणाकुणाची गिरकी वेगळी उठून दिसते. अमेरिकेची अलिसा सिझनी, 2009 आणि 2011 ची राष्ट्रीय विजेती, उड्यांमध्ये कायम डळमळीत. पण लेबॅकमध्ये शिरली की मोकळा पाय कंबरेतून पूर्ण उघडलेला, पाठीची कमान खांद्यांपासून नव्हे तर थेट बरगड्यांखालून वळलेली आणि वेग शेवटपर्यंत शाबूत. चौथी पातळी तिलाही हवीच असायची. पण ती मिळवण्याची धडपड दिसायची नाही. लांबिएलचंही तेच. 2005 आणि 2006 चा हा विश्वविजेता प्रशिक्षक झाला आणि त्याचा शिष्य, लाटव्हियाचा डेनिस वासिल्येव्स, गिरकीतून संगीत ऐकवतो, हे त्याच्या टीकाकारांनाही मान्य आहे.

मग असे लोक इतके थोडे का? उत्तर दरपत्रकात आहे. चौथ्या पातळीच्या लेबॅकची मूळ किंमत 2.70 गुण. परीक्षक अगदी भारावून गेले तरी ती 4.05 च्या वर जात नाही. तिहेरी लुट्झ उडीला 5.90 गुण मिळतात, चौपट लुट्झला 11.50. ज्या उडीला एक सेकंदही लागत नाही तिच्यासाठी स्केटर सरावाचे तास ओततो आणि गिरकी फक्त नियमापुरती घोटून घेतो; यात त्याचा काय दोष? पातळ्यांच्या अटी आणखी वाढवून काही साधणार नाही. लेबॅकच्या मूळ स्थितीचा दर्जा, म्हणजे कमान, केंद्र आणि वेग, यांना आजच्यापेक्षा बरेच जास्त गुण द्यायला हवेत आणि बिएलमन ज्याला शोभते त्याच्यासाठीच मोकळी सोडायला हवी.